विहिरीवरचं इंजिन नावेत

काटोलजवळ मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे विहिरीशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन उभं आहे. विजेचं कनेक्शन आलं आणि त्याचं काम संपलं. ओलीत सुरू असलं की त्याचे ठोके पांदणीपर्यंत ऐकू यायचे, असं मामा सांगतात. ठोका जड झाला, की पंपानं पाणी धरलं हे घरी बसून कळायचं.

१९३०च्या सुमारास इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीनं ‘सीएस’, म्हणजे कोल्ड स्टार्ट, नावाची इंजिनं बाजारात आणली. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांचं डोकं आधी दिव्याच्या ज्योतीनं तापवावं लागे. हे मात्र गार असतानाच हँडल मारून सुरू होई. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिनं पुढे कित्येक दशकं बनवली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि ‘ऑइल इंजिन’ हा शब्द महाराष्ट्राच्या शेतात रुळला.

लिस्टरचं पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला फक्त ६०० फेरे फिरतं. चार स्ट्रोकच्या, म्हणजे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) चार खेपांत एक चक्र पुरं करणाऱ्या, इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. आत ठिणगी पाडणारा प्लग नाही. दट्ट्या हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पूर्ण भारावर ताशी लिटर-सव्वा लिटर डिझेल धरलं, तर एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम एक थेंब येतो. त्या थेंबाचा धक्का फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, साठवून ठेवतं आणि उरलेले तीन स्ट्रोक त्यावर निघतात.

मग हेच इंजिन नावेत का चालावं? कारण पंप आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत पाती पाण्याला ढकलतात. दोन्हींना लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फेरे दुप्पट केले, तर शक्ती आठपट लागते. शिवाय थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा भरपूर पाणी सावकाश ढकललं, तर तेवढ्याच डिझेलमध्ये नाव जास्त रेटली जाते. म्हणून संथ नावेला मोठा, हळू फिरणारा पंखा मानवतो, आणि विहिरीवरच्या इंजिनाचा तर स्वभावच संथ. या संथपणाला मागासलेपण म्हणणं मला पटत नाही.

पंप ओढताना इंजिनाला फक्त पट्टा फिरवायचा असतो. पंखा मात्र पाणी मागे ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया दांड्यावरून सरळ पुढे येते. खरं तर त्याच रेट्यानं नाव चालते. तो क्रँकशाफ्टवर, म्हणजे दट्ट्यानं फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, पडला, तर इंजिनाच्या बेअरिंग खराब होतात. म्हणून दांड्यावर वेगळी थ्रस्ट बेअरिंग बसवून रेटा नावेच्या सांगाड्यात उतरवावा लागतो. एका सिलिंडरचे हादरेही मोठे. शेतात ते सिमेंटचा चौथरा पचवतो. नावेत त्यासाठी लांबीच्या दिशेनं जाडजूड लाकडी तुळया लागतात. वैनगंगेवरच्या हलक्या डोंग्याला हे वजन झेपायचं नाही. गारव्याचं काम त्या मानानं सोपं, कारण भोवती पाणीच पाणी. फक्त गाळ जाळीनं अडवायचा.

उलटं जाणं ही खरी अडचण. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह एकाच दिशेच्या फेऱ्यांसाठी जुळवलेले असतात, तेव्हा गिअरबॉक्स हवाच. स्वीडनच्या बोलिंडर इंजिनांनी इथे सुरेख युक्ती काढली. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या अरुंद मालवाहू नावांत ही दोन स्ट्रोकची इंजिनं पुष्कळ होती. नावाडी इंजिन मंद करी आणि दट्ट्या वर पोहोचायच्या आत इंधन सोडी. धक्का लवकर बसला, की दट्ट्या अर्ध्यातूनच मागे फिरे आणि अख्खं इंजिन उलटं धावू लागे. मला तर यंत्रविद्येच्या इतिहासातलं हे सर्वांत देखणं काम वाटतं.

मोठ्या जहाजांचं गणितही वेगळं नव्हतं. १९१२ साली कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालेल्या ‘सेलांडिया’ या डिझेल जहाजाची इंजिनं मिनिटाला १४०च्या आसपासच फेरे घेत.

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण बांगलादेशातलं आहे. तिथे उथळ कूपनलिकांवरची छोटी डिझेल इंजिनं १९८०च्या दशकापासून लाकडी नावांत बसू लागली. ती लिस्टरपेक्षा हलकी आणि बरीच वेगानं फिरणारी. कोरड्या दिवसांत ती धानाला पाणी देतात आणि पावसाळ्यात शेतं बुडाली, की तीच माणसं आणि माल वाहतात. त्या नावांचं नावही कूपनलिकेवरूनच पडलं: ‘शॅलो’.

गेल्या दिवाळीत मामांनी आणि मी शेडमधलं इंजिन साफ केलं. आतल्या हवेचा दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल मारलं, फ्लायव्हीलनं वेग घेतल्यावर कळ सोडली आणि चौथ्या खेपेला ते बोललं. घड्याळ लावून ठोके मोजले: मिनिटाला २८४. म्हणजे ५६८ फेरे. सहाशे गाठायला गव्हर्नरची, म्हणजे वेग राखणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग अजून थोडी आवळायची आहे.