युरिक ॲसिडची गोळी आणि मेंदूतला डोपामिन

मारहाणीच्या बातमीत आरोपीच्या नावाआधी ‘मनोरुग्ण’ हा शब्द आला की बहुतेकांना कारण सापडल्यासारखं वाटतं. मला ते खटकतं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत. मारणाऱ्यांपेक्षा मार सोसणाऱ्यांतच ती जास्त आढळतात. मात्र भास वाढले, गोळ्या बंद झाल्या किंवा दारू-गांजाची भर पडली, तर काहींची आक्रमकता वाढते आणि झळ बसते ती घरच्यांना. मूळ औषधाने ती आवरत नसेल, तर डॉक्टर कधी जोडीला व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध देतात, कधी प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं. या जोड-औषधांमागचा पुरावा तोकडा आहे.

पण त्यातलं एक नाव मला कायम मोहवतं, ॲलोप्युरिनॉल. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे दुखण्याचा आजार, झालेल्यांच्या घरात असते तीच गोळी! २००० साली ब्राझीलच्या डिओगो लारा आणि सहकाऱ्यांनी, इतर औषधांना दाद न देणाऱ्या आक्रमकतेवर ती वापरून पाहिल्याचं मांडलं.

सांध्यांच्या गोळीचा रागाशी संबंध काय? पेशीचं इंधन असलेला एटीपी मोडला की ॲडिनोसिन तयार होतं. त्याचं पुढे इनोसिन, मग हायपोझँथिन, मग झँथिन आणि शेवटी युरिक ॲसिड होतं. शेवटच्या दोन्ही पायऱ्या झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) पार पाडतं आणि ॲलोप्युरिनॉल नेमकं त्यालाच अडवतं. कल्पना अशी, की वाट पुढे तुंबली तर मागे ॲडिनोसिन वाढेल. मेंदूच्या स्ट्रायटम भागात ॲडिनोसिनचे ए-टू-ए ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप झेलणाऱ्या जागा) आणि डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचे डी-टू ग्राहक एकाच चेतापेशीवर जोडीने असतात. ए-टू-ए जागा झाला की डी-टूची डोपामिनवरची पकड सैल होते. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं डी-टूलाच अडवतात. म्हणजे हे काम मागच्या दाराने व्हायला हवं. (चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडिनोसिनचे ग्राहक अडवतं, म्हणून तर तरतरी येते.)

इतकी देखणी साखळी! सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांवर फायदाही दिसला. मग २०१२ साली २४८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: ॲलोप्युरिनॉल आणि औषध नसलेली नकली गोळी (प्लासिबो) यांत फरक नाही. त्यामुळे ‘गाऊटची गोळी राग घालवते’ असा संदेश मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. या गोळीने क्वचित त्वचा सोलवटून जीवघेणी प्रतिक्रियाही येते.

तसंच ‘अंगात आलंय’ म्हणून साखळीने बांधणंही नको. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांत अडकलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जण गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं बांधण्यावर बंदी आहे.

आक्रमकता वाढली तर डॉक्टर आधी गोळ्या नियमित पोटात जातात का, हे विचारतात. मग औषधामुळेच येणारी, एका जागी बसू न देणारी बेचैनी तर नाही ना, हे पाहतात. ती रागासारखीच दिसते. तरीही उपाय चालला नाही, तर क्लोझापिन. आक्रमकतेवर सर्वात भक्कम पुरावा याच औषधाचा आहे, पण ते सुरू असताना पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.