खवट तेलातून उलगडलेलं पेशीपटल

पावसाळ्याच्या बेगमीला वाळवलेली मासळी भरताना कोकणात बोंबील आणि जवळा निर्धास्त ठेवतात. सुक्या बांगड्याचा भरवसा नाही. त्यात तेल जास्त. त्याला हवा लागली की मासा पिवळट पडतो, खवट वास सुटतो. आपल्या पेशींच्या पटलाला ऑक्सिजनमुळे होणारी इजा रसायनाच्या दृष्टीने याच जातीची आहे.

म्हणूनच अँटिऑक्सिडंटची, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारं हे नासणं रोखणाऱ्या पदार्थांची, हकिकत आहारशास्त्रात सुरू होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मूरो आणि द्युफ्रेस हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅक्रोलीन नावाचा झोंबरा पदार्थ नासू नये म्हणून खटपट करत होते. किंचित हायड्रोक्विनोन घातलं की तो टिकतो, हे त्यांना आढळलं. पुढे १९४०च्या दशकात इंग्लंडमधल्या रबर-संशोधकांनी या नासण्यामागची साखळी उलगडली.

पटल मेदाचंच असतं, हे १९२५ मध्ये हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मांडलं. तांबड्या पेशींतला मेद पाण्यावर पसरला तर त्याने पेशींच्या दुप्पट जागा व्यापली, म्हणजे थर दोन. गंमत अशी, की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. त्या एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं!

जीवनसत्त्व ई वेगळ्याच वाटेने आलं. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांना दिसलं, की डुकराच्या चरबीवर पोसलेल्या उंदरिणींचे गर्भ टिकत नाहीत. लेट्यूसचा पाला दिला की टिकतात. ते वांझपणावरचं जीवनसत्त्व ठरलं. ते तेलाचं खवटणं रोखतं, हे ऑलकॉट आणि इमर्सन यांनी १९३७ मध्ये दाखवलं. माझ्या मते खरं वळण हेच.

पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांत दुहेरी बंध असतात. एखादा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, जोडीसाठी हपापलेला रेणू) तिथला हायड्रोजन ओढून घेतो, उरलेल्या रेणूला ऑक्सिजन चिकटतो आणि आता तोच शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढू लागतो. सड्यावरच्या वाळक्या गवतातला वणवा जसा पुढे सरकतो, तसंच हे. जीवनसत्त्व ई तिथे जाळरेषेचं काम करतं: स्वतःचा हायड्रोजन देऊन साखळी तोडतं. हजारभर मेदरेणूंमागे त्याचा जेमतेम एखादा रेणू असतो, तरी पुरतो. कारण पटलाच्या पाणथळ कडेला असलेलं जीवनसत्त्व सी त्याला पुन्हा कामाजोगं करतं. टॅपेल यांनी १९६८ मध्ये सुचवलेली ही गोष्ट १९७९ मध्ये परीक्षानळीत सिद्ध झाली. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) या साखळीत तयार होणारं पेरॉक्साइड निकामी करतं. त्यात सेलेनियम असतं हे १९७३ मध्ये कळलं.

इतकं जुळल्यावर गोळ्यांचा बाजार फुलणारच. पण १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ई घेणाऱ्यांनाही या कर्करोगापासून संरक्षण मिळालं नाही.

कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल परीक्षानळीत मूलकांना आवरतं, हे खरं. मात्र तेवढ्यावरून आगळाच्या बाटलीवर औषधी दावे छापणं मला पटत नाही. आणि कोकमाच्या बियांचं तेल बराच काळ खवटत नाही, त्याचं मोठं श्रेय त्यातल्या स्टिअरिक आम्लाला जातं. त्यात दुहेरी बंधच नसतो, मग मूलकाला सहज ओढता येईल असा हायड्रोजन तिथे कुठून मिळणार?