श्रीलंकेतील क्रिकेट आणि राजकारण

श्रीलंकेतील क्रिकेट आणि राजकारण : श्रीलंकेत (१९७२ पर्यंत सिलोन) क्रिकेट आणले ब्रिटिश पलटणींनी आणि मळेवाल्यांनी, रुजवले शाळांनी आणि मोठे केले मंत्र्यांनी. त्यामुळे तेथील क्रिकेटचा इतिहास सत्तेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

डचांकडून किनारपट्टी १७९६ मध्ये ब्रिटिशांच्या हाती आली आणि १८१५ मध्ये कँडीचे राज्यही पडले. कोलंबो क्रिकेट क्लबचा उल्लेख १८३२ पासून सापडतो. तो गोऱ्यांचा क्लब होता. स्थानिक मुलांच्या हाती बॅट आली ती इंग्रजी शाळांतून. कोलंबोतील रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस कॉलेज यांच्यात १८७९ पासून सामना होतो. ‘बिग मॅच’ या नावाने ओळखला जाणारा हा सामना म्हणजे बँडबाजा, झेंडे आणि जुन्या विद्यार्थ्यांचा मेळाच असतो. तिथल्या तंबूत कोण कोणाशेजारी बसते, याला राजकीय अर्थही असे. स्वतंत्र सिलोनचे पहिले चारही पंतप्रधान (डी. एस. सेनानायके, त्यांचे पुत्र डडली, जॉन कोटेलावाला आणि बंदरनायके) याच दोन शाळांचे विद्यार्थी होते.

क्लब मात्र जमातीजमातींचे निघाले : सिंहली, तमिळ, मूर (अरबी वंशपरंपरा सांगणारे मुसलमान), मलय, बर्गर (युरोपीय वंशाचे मिश्र घराणे). कुठल्याच एका गटात न बसणाऱ्यांनी १८८८ मध्ये ‘नॉनडिस्क्रिप्ट्स’ काढला. क्लबाला इतके प्रामाणिक नाव क्वचितच मिळाले असेल. मुंबईच्या हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखान्यांची आठवण येणे इथे स्वाभाविक आहे. आता या क्लबांत सर्व समाजांचे खेळाडू असतात. नावे तेवढी जुनी राहिली. क्रिकेट मंडळाची कचेरी सिंहलीज स्पोर्ट्स क्लबाच्या मैदानाला लागून आहे.

बोटींच्या काळात ऑस्ट्रेलियाला निघालेले इंग्लंडचे संघ कोलंबो बंदरात थांबत आणि दिवसभराचा सामना खेळून पुढे जात. १८८२ मध्ये आयव्हो ब्लाय यांच्या संघापासून ही चाल पडली. अशा पाहुण्या सामन्यांवर सिलोनने अनेक दशके तहान भागवली. १९६५ मध्ये आयसीसीचे (क्रिकेटची आंतरराष्ट्रीय संघटना) सहसदस्यत्व मिळाले, पण कसोटीचा दर्जा दूरच राहिला. १९७५ च्या विश्वचषकात ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना चालू असताना तमिळ निदर्शक मैदानात घुसले. घरातला सिंहली-तमिळ तंटा संघाच्या पाठोपाठ लंडनला पोचला होता.

दर्जा मिळाला तो २१ जुलै १९८१ रोजी. त्यासाठी मंडळाचे अध्यक्ष गामिनी दिसानायके यांनी केलेली खटपट निर्णायक ठरली. ते जयवर्धने सरकारातले वजनदार मंत्री होते, आणि तेच वजन कामी आले. पहिली कसोटी १७ फेब्रुवारी १९८२ पासून तमिळ युनियन क्लबाच्या मैदानावर, आजच्या पी. सारा ओव्हलवर, इंग्लंडविरुद्ध झाली. त्याच वर्षाअखेर पहिला कसोटी कर्णधार बंदुला वर्णपुरा क्रीडा बहिष्कार मोडून बंडखोर संघ घेऊन वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत गेला. या खेळाडूंवर २५ वर्षांची बंदी आली. ती पुढे मुदतीआधीच उठवण्यात आली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळविरोधी दंगल उसळली आणि सरकार व तमिळ बंडखोर यांच्यात यादवी युद्ध पेटले. १९८७ मध्ये बसस्थानकावरील बॉम्बस्फोटानंतर न्यूझीलंडचा संघ दौरा सोडून परतला आणि पुढची पाच वर्षे देशात एकही कसोटी झाली नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रचारसभेतील स्फोटात खुद्द दिसानायके मारले गेले. तेव्हा ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते.

३१ जानेवारी १९९६ रोजी कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला. विश्वचषक तोंडावर आलेला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी कोलंबोत खेळण्यास नकार दिला. तेव्हा भारत-पाकिस्तानचा संयुक्त संघ तिथे जाऊन एकजुटीचा सामना खेळला. त्यात सचिन तेंडुलकर आणि वासिम अक्रम एकाच बाजूने उतरले होते! १७ मार्चला लाहोरात अर्जुना रणतुंगाच्या संघाने ऑस्ट्रेलियालाच हरवून चषक घेतला. रणतुंगा कोलंबोच्याच पण बौद्ध परंपरेच्या आनंद कॉलेजचा, सनथ जयसूर्या दक्षिणेकडील मातारा गावचा, मुथय्या मुरलीधरन कँडीचा तमिळ. दोन शाळांची मिरास मोडीत निघाली, ही या विजयातली मोठी गोष्ट. मुरलीधरनच्या चेंडूफेकीवर पंचांनी आक्षेप घेतला, तेव्हा रणतुंगा त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे युद्ध चालू असलेल्या देशात लोकांनी लक्षात ठेवले.

मात्र या यशाबरोबर पैसा आला आणि मंडळाची खुर्ची राजकीय लूट ठरली. १९७३ च्या क्रीडा कायद्यानुसार राष्ट्रीय संघाला क्रीडामंत्र्यांची मान्यता लागते. त्याच कायद्याच्या आधारे मंडळ बरखास्त करून हंगामी समित्या नेमल्या जाऊ लागल्या. रणतुंगा आणि जयसूर्या दोघेही खासदार झाले; रणतुंगा मंत्रिमंडळातही गेला, तर जयसूर्या उपमंत्री झाला. २०११ मध्ये लॉर्ड्‌सवरील व्याख्यानात कुमार संगकाराने मंडळाच्या कारभारावर टीका केली, तर क्रीडामंत्र्यांनी त्याचीच चौकशी लावली.

या खेचाखेचीचा कडेलोट झाला तो मुंबईतील एका पराभवानंतर. २ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर भारताने श्रीलंकेला ५५ धावांत गुंडाळले. चार दिवसांत क्रीडामंत्री रोशन रणसिंघे यांनी मंडळ बरखास्त करून रणतुंगाकडे हंगामी समिती सोपवली. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १० नोव्हेंबरला आयसीसीने सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून श्रीलंकेला निलंबित केले आणि महिनाअखेरीस राष्ट्राध्यक्ष विक्रमसिंघे यांनी मंत्र्यालाच घरी पाठवले. निलंबन २८ जानेवारी २०२४ रोजी उठले. तोवर श्रीलंकेत व्हायची ती १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत सुरूही झाली होती.