श्ट्रेझमान, एर्व्हीन

श्ट्रेझमान, एर्व्हीन : (२२ नोव्हेंबर १८८९–२० नोव्हेंबर १९७२). जर्मन पक्षिवैज्ञानिक व समन्वेषक. बाली बेटावरील पांढरीशुभ्र बाली मैना त्यांनी विज्ञानाला प्रथम परिचित करून दिली. प्रत्यक्ष मोहिमेवर ते गेले ते तरुणपणी, अवघी दोन वर्षे. १९२१ पासूनचे आयुष्य मुख्यतः बर्लिनच्या प्राणिवैज्ञानिक संग्रहालयात गेले. तरीही विसाव्या शतकातील पक्षिविज्ञानाला त्यांच्याइतके वळण फार थोड्यांनी दिले, कारण रानात जाणारी माणसे त्यांनी घडवली. उत्क्रांतिवैज्ञानिक अर्न्स्ट मायर आणि भारतीय पक्षितज्ज्ञ सलीम अली हे दोघेही त्यांचे शिष्य.

जन्म ड्रेझ्डेन येथे, एका औषधविक्रेत्याच्या घरी. पक्ष्यांची ओढ लहानपणापासूनची. विद्यापीठातले शिक्षण चालू असतानाच १९१० मध्ये ते ‘दुसऱ्या फ्रायबुर्ग मोलुकस मोहिमे’त सामील झाले. मोहिमेचे प्रमुख कार्ल डेनिंगर हे भूवैज्ञानिक होते, तिसरे सहकारी ओडो टाउर्न. वयाची एकविशीही न गाठलेल्या श्ट्रेझमान यांच्याकडे प्राण्यांचे काम आले. मलाया, बाली आणि आजच्या इंडोनेशियातील मोलुकस बेटांपैकी सेराम अशी ही वाटचाल १९१२ पर्यंत चालली.

बालीवरचा मुक्काम ठरवून झालेला नव्हता. शिडाच्या जहाजाच्या दुरुस्तीसाठी मोहिमेला तिथे थांबावे लागले. जहाज दुरुस्त होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे श्ट्रेझमान यांच्या स्वभावात नव्हते. मार्च १९११ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या बुबुनान गावाजवळ त्यांना एक अनोळखी पक्षी मिळाला : साळुंकीच्या कुळातला, पण अंगभर पांढरा, पंखांची आणि शेपटीची टोके तेवढी काळी, डोक्यावर लांब पिसांचा तुरा आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचा निळा पट्टा. पुढच्या वर्षी त्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि इंग्लंडमधील ट्रिंग येथील खाजगी संग्रहालयाचे मालक वॉल्टर रॉथ्सचाइल्ड यांचे नाव त्या जातीला दिले. हा पक्षी जगात फक्त बालीवरच आढळतो. त्याचे देखणेपणच त्याच्या मुळावर आले : पिंजऱ्यासाठी इतकी धरपकड झाली की शतक सरताना रानात मोजकेच पक्षी उरले. आज पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी पुन्हा रानात सोडून ही जात जगवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

सेरामवर त्यांनी पक्ष्यांबरोबर माणसांचेही ऐकले. तिथल्या पाउलोही या छोट्या भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह त्यांनी नोंदवला. ते पुस्तक १९१८ मध्ये निघाले. पक्ष्यांची कातडी गोळा करून परतणारे संग्राहक त्या काळी पुष्कळ होते. पण पक्ष्याला स्थानिक माणूस काय म्हणतो आणि तो शब्द कोणत्या भाषेचा, इतक्या खोलात जाणारे विरळाच. मोहिमेनंतर त्यांनी आपल्या संग्रहाचा अभ्यास ट्रिंग येथे पक्षितज्ज्ञ एर्न्स्ट हार्टर्ट यांच्या सहवासात केला. सेरामच्या पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धात त्यांनी सैन्यात काम केले.

१९२१ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयातील पक्षिविभाग त्यांच्याकडे आला. त्या वेळी पक्षिविज्ञान म्हणजे बव्हंशी कपाटातल्या कातड्यांची वर्गवारी होती. रंगात थोडा फरक दिसला की नवी जात जाहीर व्हायची. यांपैकी कित्येक ‘जाती’ म्हणजे एकाच जातीतील वेगळ्या रंगाचे पक्षी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. प्राणिविज्ञानाच्या एका विशाल जर्मन ग्रंथमालेत त्यांनी पक्ष्यांवरचा सुमारे ९०० पानांचा खंड लिहिला (१९२७–३४). त्यात पक्ष्याची शरीररचना, शरीरक्रिया, वर्तन आणि स्थलांतर यांचा एकत्र विचार होता. हा खंड त्यांचे सर्वांत भरीव काम मानावे लागेल.

१९२३ मध्ये ड्रेझ्डेनजवळ अठरा वर्षांच्या अर्न्स्ट मायरला मोठ्या लालसरीची जोडी दिसली. हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवर उतरणारे हे बदक त्या भागात कित्येक दशकांत कोणी पाहिले नव्हते. मुलावर कोणी विश्वास ठेवीना. श्ट्रेझमान यांनी त्याची कसून उलटतपासणी घेतली, खात्री पटल्यावर नोंद मान्य केली आणि सुटीत संग्रहालयात येऊन काम करण्याचे आमंत्रणही दिले. वैद्यकाचा अभ्यास करणारा हा मुलगा पक्ष्यांकडे वळला, १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवून १९२८ मध्ये न्यू गिनीच्या मोहिमेवर गेला.

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक असलेल्या सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांच्या पत्राला श्ट्रेझमान यांनी आपुलकीने उत्तर दिले आणि १९२९ मध्ये सलीम अली बर्लिनला पोहोचले. तिथे ब्रह्मदेशातून आलेल्या नमुन्यांवर काम करता करता ते पक्षी अभ्यासण्याची शिस्त शिकले. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात वाळे अडकवण्याचे तंत्रही त्यांनी पाहिले. १९३० मध्ये परतल्यावर मुंबईची नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीची घरटी दिवसचे दिवस न्याहाळली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसऱ्याच्या तयारीला लागतो, हा उलगडा त्यातून झाला. श्ट्रेझमान यांना सलीम अली आयुष्यभर गुरू मानत राहिले.

१९३४ मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिविज्ञान परिषदेचे अध्यक्षपद श्ट्रेझमान यांनी भूषवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावणीत कैद असलेल्या जॉन बक्स्टन या इंग्रज पक्षिनिरीक्षकाशी त्यांनी पत्रव्यवहार ठेवला आणि त्याच्या थिरथिरा या पक्ष्यावरील अभ्यासाला मदत केली. शत्रुराष्ट्राच्या कैद्याला असे साहाय्य करणे त्या दिवसांत सोपे नव्हते. युद्धात संग्रहालयाची मोठी हानी झाली. ते पुन्हा उभे करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुढे शहराची फाळणी झाल्यावर घर पश्चिम बर्लिनमध्ये आणि संग्रहालय पूर्व बर्लिनमध्ये, अशी त्यांची स्थिती होती.

१९५१ मध्ये त्यांनी पक्षिविज्ञानाचा इतिहास लिहिला. पत्नी फेस्टा यांच्यासह केलेले, पक्ष्यांच्या पिसे गाळण्याविषयीचे संशोधन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. इथिओपियातील एका कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याला आणि ब्राझीलमधील एका अतिदुर्मिळ पक्ष्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.