काउंटची सुई म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे

केमोनंतर पोटावर टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं, की सोलापुरात त्याची लगेच 'इम्युनिटीची सुई' होते आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं जातं, "आता इम्युनोथेरपी चालू केलीय." नाही हो! ते जीसीएसएफ, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध; चिठ्ठीवर फिल्ग्रास्टिम किंवा पेगफिल्ग्रास्टिम लिहिलेलं असतं. ज्यांच्या घरात केमो चालू आहे त्यांना ते नव्याने सांगायला नको: काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, पडू नयेत म्हणून द्यायचं, हाडं ठणकतात, आणि मे महिन्यात अक्कलकोटला न्यायचं तर बर्फाच्या डब्यातून.

खरी इम्युनोथेरपी म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनाच कॅन्सरवर सोडणं, आणि त्यातलं जुनं औषध इंटरल्यूकिन-२ हे प्रकरण निराळं. गोंधळ होतो, कारण दोन्ही सायटोकाइनच. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात ती प्रथिनं. अमेरिकेत मान्यताही लागोपाठच मिळाली, १९९१ आणि १९९२ साली.

पण निरोप कुणाला आणि काय, खरी मेख तिथे आहे. जीसीएसएफ अस्थिमज्जेला सांगतं, न्यूट्रोफिल वाढवा. या पेशी जंतूंशी लढतात. केमोने पडलेला खड्डा भरावा, पुढचा डोस वेळेवर घेता यावा, एवढ्यासाठीच ही सुई; गाठ तिने विरघळत नाही. इंटरल्यूकिन-२ टी पेशी आणि एनके पेशी या मारेकरी पांढऱ्या पेशींना सांगतं, वाढा आणि तुटून पडा. एक पोलीस भरती, दुसरा थेट लाठीमाराचा हुकूम. लाठीमारात रस्त्याने जाणारेही सापडतात: मोठ्या डोसात रक्तवाहिन्या पाझरू लागतात, बीपी कोसळतं, म्हणून दर ८ तासांचा तो डोस आयसीयूच्या तयारीनेच देतात. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये गाठी पार नाहीशा झाल्या त्या शंभरात ५ ते ७ जणांच्याच. पण त्यातले बरेचजण पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले, म्हणून तर या औषधाचं एवढं नाव.

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही तिसरीच जात. ती प्रतिपिंडं (अँटिबॉडी), आणि आजकाल डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतात ते बहुतेक वेळा यांनाच.

सुईनंतर सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी १,२०० वरून २०,००० वर गेल्या, की "कॅन्सर हटला, आता केमो कशाला?" म्हणणारे एक काका घरोघरी निघतात. त्यांना रिपोर्ट दाखवूच नये, असं माझं स्पष्ट मत. तो आकडा सुईचा आहे. गाठीचं काय झालं ते स्कॅनमध्ये बघायचं. आणि सुई घेतलेली असली तरी केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्रीच दवाखाना गाठा.