डाउनलोडच्या याद्यांत ग्लॉब लिहावा की रेजेक्स?

डाउनलोड अडवणाऱ्या किंवा मोकळे सोडणाऱ्या यादीत फाइलनावांचे नमुने लिहिताना सर्वाधिक घोळ होतो तो ग्लॉब आणि रेजेक्स या नमुने लिहिण्याच्या दोन पद्धतींत, कारण दोन्हींत चिन्हे तीच असली तरी त्यांची कामे वेगळी आहेत. ग्लॉबमध्ये * म्हणजे कितीही अक्षरे, ? म्हणजे नेमके एक अक्षर आणि टिंब म्हणजे निव्वळ टिंब. शिवाय नमुना संपूर्ण नावाशी जुळावा लागतो. रेजेक्समध्ये * हे चिन्ह आधीचा घटक शून्य किंवा अधिक वेळा येऊ शकतो एवढेच सांगते, टिंब कोणत्याही एका अक्षराशी जुळते, आणि नमुना नावाच्या मध्येच कुठे सापडला तरी बहुतेक साधने जुळणी झाली असे मानतात.

अडवण्याच्या यादीत कोणी रेजेक्स म्हणून .झिप एवढेच लिहिले, तर 'अनझिप-माहिती.पीडीएफ' ही निरुपद्रवी फाइलही अडते, कारण त्या टिंबाला 'न' चालतो. ही चूक निदान तक्रार आल्यावर उघडकीस येते. परवानगीच्या यादीतली चूक मात्र गुपचूप राहते: तेथे \.पीडीएफ लिहिले (\ मुळे टिंब निव्वळ टिंब ठरते) की 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही प्रोग्रॅमची फाइल बिनदिक्कत आत येते, आणि विंडोज परिचित विस्तार (नावातील शेवटच्या टिंबापुढचा भाग) मूळ सेटिंगनुसार लपवत असल्याने वापरकर्त्याला 'वीजबिल.पीडीएफ' एवढेच दिसते. म्हणून नाव तेथेच संपावे असे सांगणारे $ शेवटी हवेच. ग्लॉबमधील *.पीडीएफ या सापळ्यात मुळातच अडकत नाही.

फाइली उतरवून घेणाऱ्या डब्ल्यूगेट या साधनात दोन्ही सोयी आहेत, पण त्या एकाच गोष्टीवर चालत नाहीत. त्याच्या स्वीकार-नकाराच्या साध्या याद्या विस्तार किंवा ग्लॉब घेतात, फक्त फाइलनाव पाहतात आणि वेब-पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भाग सोडून देतात. रेजेक्सचे पर्याय मात्र संपूर्ण पत्ता तपासतात, त्यामुळे '.पीडीएफ?आवृत्ती=2' असा शेवट असलेला दुवा \.पीडीएफ$ या नमुन्यातून निसटतो. (इंग्रजी नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरकही साध्या याद्यांत मोजला जातो, तो नको असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.)

नुसता विस्तार पाहायचा असेल, तर माझ्या मते रेजेक्सच्या वाटेला जाऊच नये. 'अहवाल-7' आणि 'अहवाल-112' घ्यायचे पण 'अहवाल-मसुदा' वगळायचा असेल, तर ग्लॉबचा अहवाल-*.पीडीएफ तिन्ही आत घेतो, तेथे फक्त फाइलनाव तपासले जात असेल तर ^अहवाल-[0-9]+\.पीडीएफ$ हा रेजेक्स कामाला येतो (^ म्हणजे नावाची सुरुवात, [0-9]+ म्हणजे एक किंवा अधिक आकडे).