कस्टम ॲक्शन फिगर

कस्टम ॲक्शन फिगर म्हणजे आवडत्या पात्राची, बहुधा चित्रपटातल्या नायकाची, हाताने घडवलेली आणि हातपाय हलवता येणारी छोटी प्रतिकृती. हवा तो नायक बाजारात मिळत नाही, किंवा मिळतो तो ओळखू येत नाही, म्हणून हौशी लोक हा उद्योग करतात. पुतळा एकाच पवित्र्यात उभा राहिला तरी चालते. फिगरची मान, कोपर, गुडघा वळलाच पाहिजे. या कामातल्या बहुतेक अडचणी या एका अटीतून निघतात.

‘ॲक्शन फिगर’ हे नाव अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ हा सुमारे १२ इंची सैनिक विकायला काढताना रूढ केले. बार्बी १९५९ पासून बाजारात होती आणि मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत अशी धास्ती होती. खरे तर ‘जी. आय. जो’ हीसुद्धा कपडे बदलता येणारी बाहुलीच. पुढे केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ची पात्रे पावणेचार इंचांत आणली आणि लहान आकार रुळला. आज १:६, १:१२ आणि १:१८ ही मापे प्रचलित आहेत. सहा फुटी नायक त्यांत अनुक्रमे सुमारे ३०, १५ आणि १० सेंटिमीटर भरतो.

सगळे शून्यातून घडवणारे थोडेच. सहसा एखादी तयार फिगर पाया म्हणून घेतात आणि तिला इतर फिगरांचे हात, बूट, पट्टे जोडतात. या जोडकामाला किटबॅशिंग म्हणतात. पाया निवडताना नवखे लोक चेहरा पाहतात, ती चूक. डोके बदलता येते. खांद्यांची रुंदी आणि पायांची लांबी बदलणे जिकिरीचे. फिगर उजेडासमोर धरावी. नुसत्या सावलीवरून नायक ओळखू आला, तर पाया बरोबर आहे.

डोके बहुधा मऊ पीव्हीसीचे असते. गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटे ठेवले की ते सैल होऊन मानेच्या खुंटीवरून निघते. थंडपणी ओढले तर खुंटीच मोडते. केस, दाढी, कॉलर यांसाठी दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी वापरतात. ती भट्टीशिवाय कडक होते आणि आकसत नाही. पॉलिमर क्ले या कृत्रिम मातीला मात्र कडक व्हायला सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती थेट फिगरवर लावून भाजली, तर खालचे प्लास्टिक वाकते. डोके वेगळे घडवून सिलिकोनच्या साच्यात रेझिन (नंतर कडक होणारा द्रव) ओतणे किंवा संगणकावर आकार करून त्रिमितीय छपाई करणे, हेही मार्ग आहेत. ओल्या रेझिनला हातमोज्यांशिवाय हात लावू नये आणि घासताना तोंडावर मास्क हवा.

रंगापूर्वी साच्याचा तेलकटपणा साबणाने धुवावा लागतो. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे-रंग महिनोन्महिने चिकट राहतात. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पातळ थरांनी देणे सुरक्षित. सगळ्यांत कठीण भाग डोळे. माणसाचे बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे १:१२ मापात जेमतेम १ मिलिमीटर. ते पूर्ण गोल दिसले की नायक दचकलेला वाटतो, म्हणून त्याचा वरचा कड पापणीखाली झाकतात. पांढरा भागही शुभ्र न करता किंचित राखाडी ठेवतात. चुकलेली रेघ बाहेरून कातडीच्या रंगाने कापून सुधारतात. शेवटी डोळ्यांवर चकचकीत वॉर्निशचा ठिपका दिला की नजर जिवंत होते.

कपड्यांत मापाची गोची होते: कोट लहान करता येतो, सुताची जाडी नाही. जाड कापडाची पँट १:१२ वर पोत्यासारखी दिसते, म्हणून धुऊन विरलेले सुती कापड घेतात आणि कोटाच्या दुमडीत बारीक तार ओवतात. जाकीट पुट्टीचे केले तर खांदा अडकतो. त्यावर तोड अशी, की धड बंडीसारखे घडवायचे आणि बाह्या दंडावर रंगवायच्या.

सांधा फिरला की रंग खरवडतो. त्यामुळे रंगाआधी खाच पॉलिश पेपरने घासून थराएवढी जागा करतात, किंवा मुळातच हव्या रंगाच्या प्लास्टिकचा पाय शोधतात. तरीही गुडघ्यामागे पांढरी रेघ उमटतेच. म्हणून फिगर हाताळणारे लोक पुन्हा रंगवण्यासाठी त्या रंगाची बाटली टाकून देत नाहीत.

स्वतःच्या फळीवर ठेवण्यापुरती फिगर करणे वेगळे आणि ती विकणे वेगळे. विक्रीत पात्राच्या हक्कांचा, शिवाय नटाच्या चेहऱ्याचा प्रश्न येतो, आणि त्याचे नियम देशागणिक बदलतात.